आर्बिट्रेटर बिल्डरनेच नेमायचा का? पुण्यातल्या एका रीडेव्हलपमेंट वादाचं प्रकरण

रीडेव्हलपमेंटमध्ये अडकलेल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना कागदपत्रं लावायला मी मदत करतो. त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात आर्बिट्रेशनचा (कोर्टाऐवजी एका तटस्थ माणसाने, म्हणजे आर्बिट्रेटरने, वादाचा निवाडा करायची पद्धत) जवळजवळ प्रत्येक टप्पा आला, आणि सगळ्यात जास्त ताकद खर्च झाली ती भाडं, एरिया, पार्किंग यावर नाही तर "निवाडा करायला बसणार कोण" या एकाच प्रश्नावर. माझं ठाम मत असं की ती ताकद योग्य जागी खर्च झाली. सोसायटी, बिल्डर, वकील कुणाचंच नाव देत नाही, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत आणि रकमा गोल केल्यात.

पार्श्वभूमी

कोथरूडच्या बाजूची सोसायटी, ऐंशीच्या दशकातली, तीन मजली, लिफ्ट नाही, तीसेक फ्लॅट. सभासद बहुतेक रिटायर्ड, शिक्षक, बँकेतले, एक-दोन पोस्टातले. २०१७ मध्ये बिल्डरबरोबर डेव्हलपमेंट अॅग्रीमेंट झालं, रीतसर रजिस्टर केलं. वाढीव कार्पेट एरिया, घर होईपर्यंत दर महिन्याला भाडं, कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी, आणि तीस महिन्यांत ताबा, वर सहा महिने ग्रेस. २०१८ मध्ये सगळ्यांनी घरं रिकामी केली.

२०१९ मध्ये प्लॅन बदलला म्हणून बिल्डरने एक पुरवणी करार केला, मुदत थोडी वाढवून घेतली, बदल्यात भाडं उशिरा दिलं तर त्यावर व्याज आणि दोन जादा पार्किंग कबूल केली. हा पुरवणी करार शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, फक्त नोटरी करून. त्या दिवशी कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही, पण पुढे याच कागदाने बराच वेळ खाल्ला.

डिसेंबर २०१९ पासून भाडं थांबलं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा काम चौथ्या स्लॅबवर होतं आणि तिथेच राहिलं. बिल्डरचं म्हणणं एकच, कोविड आहे, आमच्या हातात काही नाही. सभासद मात्र भाड्याच्या घरात, स्वतःच्या पेन्शनमधून भाडं भरत. यात लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे भाडं लॉकडाऊनच्या आधीच बंद झालं होतं, ते तीन महिने या प्रकरणात फार महत्त्वाचे ठरले.

बिल्डरने शब्द पाळला नाही तर बँकेकडून पैसे मिळावेत म्हणून बँक गॅरंटी होती पण छोटी. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के गॅरंटी घ्या असं आहे, इथे त्याच्या जवळपाससुद्धा नव्हती, आणि तिचीही मुदत संपत आलेली.

अडचण नेमकी कुठे होती

अॅग्रीमेंटमध्ये आर्बिट्रेशनचा क्लॉज होता, चाळीसाव्या की कितव्या पानावर. मजकूर साधारण असा: काही वाद झाल्यास तो डेव्हलपर कंपनीच्या संचालकांनी नेमलेल्या एकमेव आर्बिट्रेटरकडे जाईल, त्याचा निर्णय दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील. म्हणजे भांडण ज्याच्याशी, निवाडा करणारा माणूसही त्यानेच नेमायचा.

२०२१ च्या सुरुवातीला सोसायटीच्या वकिलांनी बिल्डरला पत्र पाठवलं, थकीत भाडं द्या नाहीतर कायदेशीर कारवाई करू. हे पत्र कडक होतं पण त्याने आर्बिट्रेशन सुरू झालं नाही, कारण आर्बिट्रेशन कायद्याच्या (पुढची सगळी कलमं याच कायद्यातली) कलम २१ प्रमाणे "हा वाद आर्बिट्रेशनकडे द्या" अशी विनंती समोरच्याला मिळते त्या दिवशी कार्यवाही सुरू झाली असं धरतात, नुसती धमकी पुरत नाही. म्हणून दुसरी नोटीस पाठवली, त्यात क्लॉजचा उल्लेख, वादाचे मुद्दे, आणि आर्बिट्रेटर दोघांच्या संमतीने ठरवू म्हणून आपल्या बाजूने तीन नावं. लिमिटेशन, म्हणजे दावा करायची कायदेशीर मुदत, मोजताना हीच दुसरी तारीख धरली गेली.

बिल्डरने तीन नावांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उलट पत्र आलं, क्लॉजप्रमाणे आम्ही अमुक आर्किटेक्टना आर्बिट्रेटर नेमलंय, पहिली मीटिंग पुढच्या आठवड्यात त्यांच्या ऑफिसात. हे गृहस्थ बिल्डरच्या आधीच्या दोन स्कीमचे सल्लागार होते, साइटच्या जुन्या बोर्डवर त्यांचं नाव होतं आणि एका सभासदाच्या मुलाने त्या बोर्डचा फोटो काढून ठेवला होता.

आणि त्यात सेक्रेटरी काकांनी चांगुलपणाने मेलला उत्तर देऊन टाकलं, "आपले पत्र मिळाले. मीटिंगला आम्ही हजर राहू." दोन ओळी, पण बिल्डरच्या वकिलांनी नंतर त्याच दोन ओळी कोर्टात पुढे केल्या की बघा, सोसायटीने या आर्बिट्रेटरला संमती दिली होती.

काय काय पर्याय होते

स्पेशल जनरल बॉडी घेतली. वकिलांनी पर्याय मांडले, सभासदांनी तीन तास प्रश्न विचारले, आणि माझ्या मते त्या सभेतच हे प्रकरण अर्धं मार्गी लागलं.

पहिला पर्याय, त्या आर्किटेक्टसमोरच जायचं आणि कलम १३ खाली त्याच्याकडेच आक्षेप नोंदवायचा. तो फेटाळला गेला तर तोच माणूस प्रकरण पुढे चालवणार आणि तक्रार थेट निवाड्यानंतर, निवाडा रद्द करा म्हणून कोर्टात कलम ३४ चा अर्ज करून. ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, तोपर्यंत आम्ही असू का?" हा पर्याय तिथेच बाद झाला.

दुसरा, हायकोर्टात कलम ११ चा अर्ज करून तटस्थ आर्बिट्रेटर मागायचा. वकिलांचा कल इकडे होता आणि त्याला पक्कं कारण होतं. २०१५ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १२(५) आलं, सातवी अनुसूची आली, त्यात अशा एकोणीस नात्यांची यादी आहे की त्यातलं एक जरी असलं तरी तो माणूस आर्बिट्रेटर म्हणून बसूच शकत नाही. यादीतलं पहिलंच: पक्षकाराचा नोकर, सल्लागार, किंवा आत्ताचा वा पूर्वीचा कुठलाही व्यावसायिक संबंध असलेला. आर्किटेक्ट यात सरळ बसत होते. शिवाय नोव्हेंबर २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमनच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंच होतं की निकालात ज्याचा स्वतःचा फायदातोटा आहे त्याला एकमेव आर्बिट्रेटर एकतर्फी नेमताही येणार नाही. म्हणजे नुसता हा आर्किटेक्ट नाही, तर संचालकांचा नेमणुकीचा अधिकारच गेला होता, बाकी आर्बिट्रेशनचा करार मात्र शाबूत.

तिसरा पर्याय बिल्डरकडूनच आला, जरा गोड बोलून. तीन जणांचं पॅनेल करू, एक तुमचा, एक आमचा, ते दोघं मिळून तिसरा अध्यक्ष ठरवतील. कायद्यात ही पद्धत आहेच, कलम १० प्रमाणे संख्या विषम लागते आणि करारात संख्या दिलीच नसेल तर एकच आर्बिट्रेटर. बऱ्याच सभासदांना हे आवडलं, "आपला पण एक माणूस असेल ना". पण कायद्याप्रमाणे आपण नेमलेला आर्बिट्रेटर हा आपला वकील नसतो, त्यालाही तेवढंच तटस्थ राहावं लागतं, त्यामुळे "आपला माणूस" ही समजूतच काढून टाकावी लागली.

मग फीचं गणित फळ्यावर मांडलं. सोसायटीचा क्लेम साधारण चार कोटींचा. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या तक्त्याप्रमाणे एक ते दहा कोटींच्या मधल्या वादाला फी ३,३७,५०० रुपये अधिक एक कोटीच्या वरच्या रकमेचा एक टक्का, म्हणजे इथे ६,३७,५०० रुपये. आर्बिट्रेटर एकटा असेल तर त्यावर पंचवीस टक्के जास्त, म्हणजे ७,९६,८७५. तिघं असले तर प्रत्येकाला वेगळी फी, म्हणजे १९,१२,५०० रुपये, आणि तिघांच्या तारखा जुळवायच्या त्या वेगळ्याच. बिल्डरने काउंटरक्लेम, म्हणजे सोसायटीवर उलटा दावा, घातला तर त्याची फी परत स्वतंत्र मोजायची. आकडे बघितल्यावर सभेतला सूर बदलला. हा तक्ता नमुन्यादाखल आहे, दोन्ही बाजू वेगळी फी ठरवू शकतात, पण आर्बिट्रेटरला आपल्या मनाने एकतर्फी फी ठरवता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२२ मध्ये ओएनजीसी विरुद्ध अॅफकॉन्समध्ये स्पष्ट केलं.

चौथा पर्याय, आर्किटेक्टला लेखी मान्यता देऊन वाद मिटवायला घ्यायचा. कायदा याला परवानगी देतो, पण वाद निर्माण झाल्यानंतर दोन्ही बाजूंनी स्पष्ट लेखी करार करून कलम १२(५) चा हक्क सोडला तरच. एक-दोघांना वाटत होतं की यात वेळ वाचेल. ठराव टाकला आणि मोठ्या बहुमताने पर्याय दोन निवडला, ठरावात सही कोण करणार, वकील कोण, खर्चाची मर्यादा किती हे सगळं लिहिलं. आर्बिट्रेशनच्या आधी जनरल बॉडीचा ठराव नीट नसला तर समोरचा "कमिटीला अधिकारच नव्हता" हा मुद्दा काढतोच.

आर्बिट्रेटर बसेपर्यंत काय केलं

इथे एक निर्णय फार वेळेवर झाला. कलम ११ चा अर्ज मुंबईत हायकोर्टात जाणार, तो साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, पण वेळ लागतोच, आणि इकडे बँक गॅरंटी संपत होती. आर्बिट्रेटरच नाही तर गॅरंटी वाचवणार कोण? म्हणून पुण्यात जिल्हा न्यायालयात तात्पुरत्या संरक्षणासाठी कलम ९ चा अर्ज केला. कोर्टाने गॅरंटीची मुदत वाढवून ठेवायला सांगितलं. कलम ९ चा आदेश मिळाला की नव्वद दिवसांत आर्बिट्रेशन सुरू व्हावं लागतं, पण आपली कलम २१ ची नोटीस आधीच पोचलेली असल्याने ती काळजी नव्हती.

हायकोर्टात बिल्डरने दोन मुद्दे काढले. पहिला सेक्रेटरी काकांचा मेल. त्याला उत्तर म्हणून एप्रिल २०१९ चा भारत ब्रॉडबँडचा निकाल दाखवला, त्यात आर्बिट्रेटरसमोर हजर राहून क्लेम दाखल केला तरी ती कलम १२(५) खालची स्पष्ट लेखी संमती होत नाही असं म्हटलंय, इथे तर नुसतं "हजर राहू". तो मुद्दा टिकला नाही.

दुसरा मुद्दा पुरवणी कराराच्या स्टॅम्पचा, आणि हा जड गेला. त्या काळात गरवारे वॉल रोप्सचा २०१९ चा निकाल लागू होता, कमी स्टॅम्पचा कागद पुढे आला की आधी स्टॅम्प पुरा करा मगच आर्बिट्रेटर मिळेल. सोसायटीपुढे दोन वाटा होत्या, पुरवणी करार सोडून फक्त मूळ अॅग्रीमेंटवर जायचं म्हणजे थकीत भाड्यावरचं व्याज आणि पार्किंग सोडून द्यायचं, किंवा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे कमी पडलेली ड्युटी दंडासकट भरायची. खरं तर तो कागद बिल्डरने केला होता. तरी सोसायटीने पैसे भरले, वर्गणी काढून. काही सभासद याच्यावर आजही नाराज आहेत पण मला तो निर्णय बरोबरच वाटतो, व्याजाची रक्कम दंडापेक्षा बरीच मोठी होती. डिसेंबर २०२३ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने ही अडचण काढून टाकली, स्टॅम्प कमी असला म्हणून आर्बिट्रेशनचा करार रद्द होत नाही आणि तो प्रश्न आर्बिट्रेटरनेच बघायचा. आज हेच प्रकरण आलं असतं तर या पायरीवर अडकलं नसतं.

२०२२ मध्ये हायकोर्टाने एकमेव आर्बिट्रेटर नेमले, निवृत्त जिल्हा न्यायाधीश, पुण्यातच राहणारे. दोन्ही बाजूंच्या यादीतलं नाव घेतलं नाही, तिसरंच दिलं. त्यांचं डिस्क्लोजर, म्हणजे दोन्ही बाजूंशी आपला काही संबंध आहे का याचं लेखी निवेदन, आलं, सहाव्या अनुसूचीच्या नमुन्यात, त्यात त्यांनी स्वतःहून लिहिलं होतं की न्यायाधीश असताना या बिल्डरच्या एका भागीदाराचं दिवाणी प्रकरण त्यांच्यापुढे आलं होतं. कमिटीतल्या एकाला वाटलं की आक्षेप घ्यावा. वकिलांनी समजावलं की न्यायाधीश म्हणून प्रकरण ऐकणं हा व्यावसायिक संबंध नाही, आणि ज्याने न विचारता सांगितलं त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. "आक्षेप नाही" असं लेखी कळवलं. डिस्क्लोजर बरेच लोक वाचतच नाहीत, फाइलला लावून टाकतात, इथे प्रत्येक कमिटी मेंबरने ते वाचून सही केली होती.

आर्बिट्रेटरने कोणते अधिकार वापरले

पहिल्याच मीटिंगनंतर बिल्डरने कलम १६ चा अर्ज टाकला, तुम्हाला हे प्रकरण चालवायचा अधिकारच नाही. कारण पुरवणी करारात आर्बिट्रेशनचा क्लॉज नाही. आपल्याला अधिकार आहे की नाही हे आर्बिट्रेटर स्वतःच ठरवू शकतो, कायद्याने तशी मुभा दिलीय. त्यांनी पुरवणी कराराची शेवटची ओळ वाचून दाखवली, "बाकी सर्व अटी मूळ कराराप्रमाणे राहतील", आणि अर्ज फेटाळला. असा अर्ज फेटाळला तर लगेच अपील नाही, प्रकरण पुढे चालतं आणि तक्रार निवाड्यानंतरच करता येते. अर्ज मान्य झाला असता तर मात्र अपील होतं. हा फरक सभासदांना कळला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला, कारण सगळ्यांना भीती होती की आता परत मुंबईच्या फेऱ्या.

मग कलम १७. अंतरिम आदेशासाठी आता कोर्टात जायची गरज नव्हती, आर्बिट्रेटर बसल्यावर कोर्ट कलम ९ चा अर्ज सहसा घेतच नाही. बिल्डरकडे विक्रीचे चार फ्लॅट शिल्लक होते. आर्बिट्रेटरनी ते विकायला, गहाण टाकायला मनाई केली, गॅरंटी निवाड्यापर्यंत चालू ठेवायला सांगितली आणि आत्तापर्यंत कुणाकुणाला काय विकलंय याचं प्रतिज्ञापत्र मागितलं. प्रतिज्ञापत्राची तारीख बिल्डरने दोनदा चुकवली. २०१५ च्या दुरुस्तीपासून हे आदेश कोर्टाच्या आदेशासारखेच अंमलात आणता येतात, तसा अर्ज तयार करून त्याची प्रत नुसती दाखवली आणि चार दिवसांत प्रतिज्ञापत्र आलं.

अधिकार नसलेल्या गोष्टीही तितक्याच कळायला हव्यात. सभासदांची मागणी होती की बिल्डरने बाहेरच्या लोकांना विकलेले फ्लॅट रद्द करा. आर्बिट्रेटरनी स्पष्ट नकार दिला, ते खरेदीदार या करारात नाहीत, त्यांच्याविरुद्ध मला काही ठरवता येत नाही. प्रोजेक्टवर कर्ज देणाऱ्या बँकेचंही तेच. महापालिकेची फाइल हवी होती तर अधिकाऱ्याला समन्स काढायचा अधिकार आर्बिट्रेटरला स्वतःला नाही, कलम २७ खाली त्यांच्या परवानगीने कोर्टाची मदत घ्यावी लागते. त्याऐवजी आरटीआय टाकून बांधकाम परवानगीच्या फाइलच्या सत्यप्रती काढल्या. वेळ वाचला, आणि एक गोष्ट सापडली, सुधारित नकाशा मंजूर होऊन पडला होता पण बिल्डरने पुढचं शुल्कच भरलं नव्हतं. म्हणजे काम कोविडने नाही, पैशाने थांबलं होतं.

पुराव्याचं म्हणाल तर आर्बिट्रेटर दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायद्याने बांधलेला नसतो, पण म्हणून काहीही चालतं असं नाही. एका निवृत्त शिक्षिका बाईंनी भाडं जमा झालेल्या प्रत्येक महिन्याची नोंद घरखर्चाच्या वहीत केली होती, तारीख, रक्कम, आणि जमा न झालेल्या महिन्यापुढे लाल पेनने फुली. बिल्डरच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं की ही वही नंतर बसून लिहिली नाही कशावरून. बाईंनी पान उलटून दाखवलं, त्याच पानावर मधल्या ओळींत दूधवाल्याचा हिशोब आणि गॅस सिलिंडरची तारीख होती. आर्बिट्रेटरनी वही आणि पासबुक शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडली. लॉकडाऊनच्या आधीचे तीन महिने तिथेच सिद्ध झाले.

बांधकाम किती झालंय यावर दोन्ही बाजूंचे इंजिनीअर वेगवेगळं बोलत होते, म्हणून कलम २६ खाली आर्बिट्रेटरनी स्वतः एक स्ट्रक्चरल इंजिनीअर नेमला, त्याची फी दोघांनी निम्मी-निम्मी. स्वतःही साइटवर आले, कठडे नसलेल्या जिन्याने चौथ्या स्लॅबपर्यंत चढले, लेझर मीटरने दोन खोल्या मोजल्या आणि मंजूर नकाशाशी ताडून बघितलं. एका बेडरूमची रुंदी नकाशापेक्षा कमी निघाली. बिल्डरचा साइट इंजिनीअर म्हणाला, "सर, प्लास्टर झाल्यावर बघू." प्लास्टरने खोली आणखी आत येणार की बाहेर जाणार एवढं त्यांनी विचारलं आणि ते जागेवरच नोंदवून घेतलं.

फी आणि मुदत, दोन ठिकाणी परत अडलं

बिल्डरने कोटीभराचा काउंटरक्लेम घातला, इतका खर्च केला तो परत द्या म्हणून, आणि आपल्या वाटची फी मात्र भरेना. कलम ३८ प्रमाणे एकाने भरली नाही तर दुसरा भरू शकतो, कुणीच भरली नाही तर त्या क्लेमवर काम थांबवता येतं. सोसायटीने आपल्या क्लेमपुरता बिल्डरचा वाटाही भरला, काउंटरक्लेमचा भरला नाही. मग काउंटरक्लेम थांबेल म्हटल्यावर बिल्डरने ती फी स्वतः भरली. हा निर्णय वकिलांचा नव्हता, बँकेतून रिटायर झालेल्या खजिनदार काकांचा होता.

मुदतीचंही असंच. दावा आणि जबाब सहा महिन्यांत पुरे करायचे, तिथून बारा महिन्यांत निवाडा, आणि दोघांची संमती असेल तर आणखी सहा. बिल्डर तारखा मागत राहिला आणि शेवटी मुदतवाढीला संमती द्यायलाच तयार नाही. मुदत संपली आणि कोर्टाची वाढ नसेल तर आर्बिट्रेटरचा अधिकारच संपतो. सोसायटीने मुदत संपायच्या आधीच कलम २९अ चा अर्ज केला आणि उशीर कुणामुळे झाला हे दाखवायला प्रत्येक तारखेचं मिनिट्स जोडलं. वाढ मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुदत संपल्यावरही असा अर्ज करता येतो असं सांगितलंय, पण तेव्हा ही खात्री नव्हती.

निकाल आणि त्यानंतर

२०२४ मध्ये निवाडा आला. सोसायटीने अॅग्रीमेंट रद्द करणं योग्य ठरवलं. थकीत भाडं व्याजासकट मान्य. कोविडचा बचाव फक्त लॉकडाऊनच्या काही महिन्यांपुरता आणि तोही बांधकामाच्या मुदतीपुरता ग्राह्य धरला, भाड्याला नाही. मानसिक त्रासाची भरपाई नाकारली. आणि काउंटरक्लेम अंशतः मंजूर केला, कारण झालेलं बांधकाम सोसायटीच्या उपयोगाचं आहे असा इंजिनीअरचा रिपोर्ट होता. त्यामुळे हातात येणारी निव्वळ रक्कम चार कोटींच्या बरीच खाली आली. सभासदांच्या ग्रुपवर दोन दिवस नाराजी होती. पण कलम ३१अ खाली आर्बिट्रेशनचा बराचसा खर्च बिल्डरवर टाकला, सोसायटीने भरलेली त्याची फीसुद्धा.

बिल्डर कलम ३४ मध्ये गेला. नुसता अर्ज केल्याने अंमलबजावणी थांबत नाही, स्टे मागावा लागतो, आणि कोर्टाने स्टेसाठी रक्कम जमा करायला सांगितली. ती करण्यापेक्षा बिल्डर बोलणीला आला. २०२५ मध्ये तडजोड झाली, सोसायटीने व्याजातला काही भाग सोडला, बदल्यात पॉवर ऑफ अॅटर्नी रद्दचा दस्त, नकाशे, आर्किटेक्टची एनओसी एका दिवसात हातात. मला ही तडजोड शहाणपणाची वाटली, कारण सत्तरीच्या पुढच्या माणसाला व्याजापेक्षा घर लवकर हवं असतं. बाहेरच्या खरेदीदारांचा प्रश्न मात्र निवाड्याने सुटला नाही, तो नव्या बिल्डरशी वेगळ्या वाटाघाटी करून सोडवावा लागला आणि त्यात दोघा खरेदीदारांशी अजून बोलणं चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी तो क्लॉज. २०१७ मध्ये सोसायटीने भाडं आणि एरियावर महिनाभर घासाघीस केली, आर्बिट्रेशनच्या पानावर एकही प्रश्न विचारला नाही. नेमणुकीची वाट सरळ असती तर हायकोर्टाची पायरी बहुतेक चढावीच लागली नसती. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रेल्वेच्या एका प्रकरणात सांगितलं की एकाच पक्षाने एकमेव आर्बिट्रेटर नेमण्याची तरतूद समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, आणि आपल्याच यादीतून निवडा अशी समोरच्यावर सक्तीही करता येणार नाही. तरीही असे क्लॉज नव्या अॅग्रीमेंटमध्ये मला आजही दिसतात, जुना मसुदा कॉपी-पेस्ट होत राहतो.

बँक गॅरंटी मोठी आणि काम पूर्ण होईपर्यंत आपोआप वाढणारी हवी होती. पुरवणी करार त्याच दिवशी पुरेशा स्टॅम्पवर रजिस्टर व्हायला हवा होता. पहिलं पत्रच कलम २१ च्या भाषेत गेलं असतं तर काही महिने वाचले असते. आणि बिल्डरच्या मेलला कमिटीतल्या एकट्यादुकट्याने उत्तर द्यायचं नाही, वकिलांना दाखवूनच द्यायचं, हा नियम आता त्यांच्या सोसायटीत ठरावानेच केलाय.

नव्या बिल्डरशी करार करताना त्यांनी आर्बिट्रेशनच्या क्लॉजवर अख्खी एक मीटिंग घेतली. मुंबईच्या आर्बिट्रेशन संस्थेकडे प्रकरण द्यायचा विचारही झाला पण या आकाराच्या वादाला सभासदांना तो खर्चाचा वाटला. शेवटी लिहिलं ते असं: एकच आर्बिट्रेटर, नोटिशीपासून तीस दिवसांत दोघांच्या लेखी संमतीने, नाही जमलं तर हायकोर्टाकडून, आर्बिट्रेशनचं स्थान पुणे, फी चौथ्या अनुसूचीप्रमाणे, आणि वाद चालू असला तरी भाडं चालूच राहील. शेवटच्या वाक्यावर नवा बिल्डर आठवडाभर अडून बसला होता. ते वाक्य आल्याशिवाय शिक्षिका बाईंसकट कुणीही सही करायला तयार नव्हतं, आणि ते आलं.